पिशवीच्या दोऱ्या तपासल्या का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिवाळा लागला की आपल्या पानांवर मोतीबिंदू शिबिरांच्या बातम्या सुरू होतात. चोपडा, साक्री, शहादा, पारोळा. किती जणांची तपासणी झाली, किती जणांचं ऑपरेशन झालं, फळवाटप कोणाच्या हस्ते झालं. 'लेन्स बसवली' हे शब्द त्यात हमखास असतात. ती लेन्स डोळ्यात कशात बसते, आणि ज्या पिशवीत बसते ती पिशवी कशाच्या आधाराने लटकते, हे मात्र कधी छापून येत नाही. ऑपरेशन टेबलावर ऐनवेळी घोळ होतात त्यांतले बरेच त्या आधारापाशी होतात, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत. लांबलं तर कात्री लावा, पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

रंगीत बुबुळाच्या मागे, बाहुलीच्या बरोबर पाठीशी नेत्रमणी असतो. दोन्ही बाजूंनी फुगीर, मसुरीच्या डाळीच्या अख्ख्या दाण्यासारखा. लॅटिनमध्ये मसुरीला 'लेन्स' म्हणतात, नाव तिथूनच पडलं. जन्माच्या वेळी तो साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतो आणि मोठ्या माणसात नऊ-दहा मिलिमीटरचा होतो. जाडी चार मिलिमीटरच्या आसपास, वयाबरोबर थोडी वाढत जाणारी. त्याच्यावर एक पारदर्शक, अतिशय पातळ पिशवी असते. मागच्या बाजूला तर ती मध्यभागी 4 मायक्रोमीटरइतकीच जाड असते. मोतीबिंदू या पिशवीच्या आतला माल गढूळ झाल्यामुळे होतो. ऑपरेशनमध्ये पिशवीला पुढून गोल तोंड पाडून तो माल काढतात आणि त्याच रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग ठेवतात.

ही पिशवी डोळ्यात कशावर ठेवलेली नसते, ती लटकलेली असते. चहूबाजूंनी शेकडो बारीक दोऱ्यांनी ती बाहेरच्या एका गोल कड्याला बांधलेली असते. सायकलचं चाक डोळ्यासमोर आणा. मधला हब म्हणजे नेत्रमणी, बाहेरची रिम म्हणजे सिलिअरी बॉडी नावाचं मांसल कडं आणि मधले आरे म्हणजे या दोऱ्या. डॉक्टर मंडळी त्यांना झोन्यूल म्हणतात. सायकलचे आरे ताणाने काम करतात, हबला सगळ्या बाजूंनी सारखं ओढून मध्यात धरतात. एका बाजूचे चार आरे तुटले तरी चाक लगेच मोडत नाही, ते डुलायला लागतं आणि त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढावा लागतो. डोळ्यात अगदी हेच होतं. फरक एवढाच की तुटलेला आरा दुकानात दुसरा मिळतो, आणि डोळ्यातली रिम जिवंत असते, आकुंचन पावते. त्याबद्दल पुढे.

दोऱ्या सुरू कुठून होतात हे नीट सांगायला हवं, कारण बहुतेक चित्रांत त्या कड्याच्या टोकावरून निघालेल्या दाखवतात. खरं तर त्यांतल्या बऱ्याच दोऱ्यांचं मूळ पुष्कळ मागे असतं. सिलिअरी बॉडीचा मागचा भाग सपाट पट्टीसारखा, साधारण चार मिलिमीटर रुंद. पुढचा भाग सत्तर-ऐंशी घड्यांचा, साडीच्या निऱ्यांसारखा. दोऱ्या सपाट पट्टीच्या पेशींतून निघतात, पृष्ठभागाला चिकटून पुढे येतात, निऱ्यांच्या मधल्या खाचांतून जातात, तिथे कडेच्या भिंतींना टाचल्यासारख्या घट्ट धरल्या जातात, आणि मगच मोकळ्या जागेत उडी घेऊन नेत्रमण्याकडे जातात. वाटेत त्यांच्या शाखा होतात. एक गट पिशवीच्या पुढच्या बाजूला, कडेपासून दीड मिलिमीटर आत येऊन चिकटतो. दुसरा गट मागच्या बाजूला, सव्वा मिलिमीटरवर. थोड्या दोऱ्या थेट कडेवर जातात, त्या विरळ आणि नाजूक. चिकटण्याच्या जागी दोरीचं टोक झाडूसारखं पसरतं आणि त्याचे धागे पिशवीच्या वरच्या थरात मुरतात. गाठ नसते, टाका नसतो. ताण एका बिंदूवर न येता पसरतो तो यामुळे.

आता एकच दोरी जवळून. केळीचं सोपट सोलायची सवय खान्देशात कोणाला नाही? वाळलेल्या सोपटाची एक पट्टी काढली की तिच्यातून धागा निघतो, धागा नखाने चिरला की आणखी बारीक धागे, आणि तेही चिरता येतात. नेत्रमण्याची दोरी अशीच आहे. उघड्या डोळ्याला न दिसणाऱ्या एका दोरीची जाडी 5 ते 30 मायक्रोमीटर भरते. डोक्याचा केस त्याच्यापेक्षा कितीतरी जाड. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती चिरत गेलं की शेवटी 10 ते 12 नॅनोमीटर जाडीचे तंतू उरतात, आणि प्रत्येक तंतू ओवलेल्या मण्यांच्या माळेसारखा दिसतो. दोन मण्यांतलं अंतर पन्नास नॅनोमीटरच्या थोडं वर. हे मणी फायब्रिलिन नावाच्या प्रथिनाचे. अशा हजारो माळा एकमेकींना बिलगून एक दोरी होते.

शरीरात फायब्रिलिन इतरत्रही असतं. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या भिंतीत ते इलॅस्टिन या रबरासारख्या प्रथिनाभोवती सांगाडा धरून असतं. डोळ्यातल्या दोरीत इलॅस्टिन नाहीच, सगळी मदार फायब्रिलिनवर. या प्रथिनात गंधकयुक्त सिस्टीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि सिस्टीनच्या जोड्या एकमेकींना गंधकाच्या पुलांनी धरतात. शिवाय ठिकठिकाणी कॅल्शियमचे अणू बसून साखळीला ताठपणा देतात. पूल किंवा कॅल्शियमची जागा बिघडली की दोरी दिसायला असते पण ताण झेलत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे दोन आजारांत हीच दिसेल.

या दोऱ्या पोटात असतानाच तयार होतात. गर्भाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात वरच्या त्वचेचा एक ठिपका आत खचतो, पिशवीसारखा सुटा होतो आणि त्याचा नेत्रमणी बनतो. त्या वेळी दोऱ्यांचा पत्ता नसतो. नेत्रमण्याभोवती रक्तवाहिन्यांची जाळी असते, ती त्याला पोसते. मेंदूकडून आलेल्या डोळ्याच्या वाटीची कड तिसऱ्या महिन्यात पुढे सरकते, तिला निऱ्या पडायला लागतात. वाटीच्या आतल्या, रंग नसलेल्या थराच्या पेशी फायब्रिलिन बाहेर सोडतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात हे धागे मधली फट ओलांडून नेत्रमण्याच्या पिशवीपर्यंत पोचलेले असतात. पूर्वी पुस्तकांत यांना डोळ्यातल्या जेलीचाच तिसरा हप्ता मानत असत. धागे पेशींच्या त्या बिनरंगी थरातून येतात हे आता स्पष्ट आहे. गर्भात फायब्रिलिनचा दुसरा प्रकारही बराच असतो, पुढे पहिला प्रकार भारी होतो. दोऱ्या आल्या की रक्तवाहिन्यांची जाळी हळूहळू विरते आणि जन्माआधी बहुधा नाहीशी होते. फार आधी जन्मलेल्या बाळांत तिचे अवशेष दिसतात, ते त्यामुळेच.

जन्मानंतर डोळा वाढतो तशा दोऱ्या लांबतात, जाड होतात. पण तुटलेली दोरी परत येत नाही. त्वचा भरून येते, हाड सांधतं, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरचा ओरखडा दोन दिवसांत बुजतो; इथे तसं काही नाही. पाचव्या महिन्यात विणायला घेतलेला गोफ ऐंशी वर्षं पुरवायचा असतो.

या गोफाला नाव पडलं योहान गॉटफ्रीड झिन या जर्मन शास्त्रज्ञाचं. 1755 साली त्याने माणसाच्या डोळ्याच्या रचनेवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. तो वनस्पतींचाही अभ्यासक होता, आणि आपल्याकडे अंगणात लावतात ते झिनियाचं फूलही त्याच्याच नावाचं. अवघ्या एकतीस वर्षांचा असताना गेला बिचारा.

दोऱ्यांचं रोजचं काम काय, तर लांबचं आणि जवळचं दाखवणं. लांब बघताना सिलिअरी बॉडीतला स्नायू सैल असतो, कडं रुंद असतं, दोऱ्या ताणलेल्या असतात आणि नेत्रमणी चपटा राहतो. पेपर हातात घेतला की स्नायू आवळतो, कडं लहान होतं, दोऱ्या सैल पडतात आणि नेत्रमणी स्वतःच्या पिशवीच्या लवचिकतेने फुगीर होतो. हेल्महोल्ट्झने 1855 मध्ये हे मांडलं. ऐकायला उलटं वाटतं, स्नायूने ओढावं आणि दोरी सैल व्हावी! पण खूण स्पष्ट आहे. अगदी जवळ बघायला लावलं की दोऱ्या इतक्या सैलावतात की नेत्रमणी गुरुत्वाकर्षणाने खाली पाव मिलिमीटरच्या आसपास ओघळतो. चाळिशीत सुई ओवता येईनाशी होते त्याचा दोष लोक दोऱ्यांना किंवा 'नसांना' देतात. मुख्य कारण नेत्रमणी स्वतः कडक होतो, हे आहे. दोऱ्या सैल पडल्या तरी तो फुगत नाही.

मोतीबिंदूच्या उपचाराचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या दोऱ्या तोडण्याचा इतिहास आहे. सुश्रुतसंहितेत वर्णन केलेली आणि पुढे गावोगाव फिरणारे करत असलेली सलाईची क्रिया घ्या: टोकदार शलाका डोळ्यात घालून गढूळ नेत्रमणी मागे ढकलायचा. तो पडतो कधी? दोऱ्या तुटल्यावर. म्हाताऱ्या डोळ्यात आणि पूर्ण पिकलेल्या मोतीबिंदूत दोऱ्या ठिसूळ, म्हणून काम सोपं जायचं. नंतर अख्खा नेत्रमणी पिशवीसकट बाहेर काढण्याची पद्धत आली. तरुण रुग्णांत दोऱ्या चिवट असायच्या, म्हणून 1957 मध्ये स्पेनच्या बारॅकरांनी बैलाच्या स्वादुपिंडातलं अल्फा-कायमोट्रिप्सिन हे विकर दोऱ्या विरघळवायला वापरलं. पिशवीच गेल्यामुळे भिंग ठेवायला जागा नसे. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखे जाड चष्मे आठवत असतील, ते त्या पद्धतीचे.

'मोतीबिंदू पिकू द्या' हा सल्ला त्याच काळातला. डोळ्यांदेखत जग इतकं मोठं आणि वाकडं दाखवणारा चष्मा मिळणार असेल तर पूर्ण दिसेनासं होईपर्यंत थांबणं शहाणपणाचं होतं, आणि पिकलेला मोतीबिंदू दोऱ्यांतून सुटायलाही सोपा होता. आज पद्धत बरोबर उलटी आहे. पिशवी आणि दोऱ्या शाबूत ठेवायच्या असतात. अति पिकू दिलं तर गाभा दगडासारखा होतो, पिशवी आक्रसते, दोऱ्या कमजोर होतात, आतला माल पाझरून किंवा फुगून डोळ्याचं प्रेशर वाढतं. तरी रावेरपासून नवापुरापर्यंत आजही ऐकू येतं, 'अजून पिकला नाही, पुढच्या हिवाळ्यात बघू.' उन्हाळ्यात टाके पिकतात ही भीतीही जुनीच. आता बहुतेक ऑपरेशनांत टाकाच नसतो. आमच्याकडचं 45 अंशांचं ऊन त्रासाचं आहे खरं, पण डोळ्याच्या जखमेला ऋतू कळत नाही.

दोऱ्या तुटण्याचं सगळ्यांत साधं कारण मुका मार. बैलाचं शिंग, पऱ्हाटीचा फटका, ट्रॅक्टरचा सुटलेला पट्टा, हातपंपाचा दांडा, विटी, रबरी चेंडू. डोळा फुटत नाही, रक्त आलंच तर दोन दिवसांत निवळतं, माणूस विसरून जातो. पण फटक्याच्या क्षणी डोळा पुढून मागे चेपला जातो आणि आतलं पाणी कुठे तरी जायला हवं म्हणून मध्यावर, कमरेला, बाहेर फुगतो. ते कडं क्षणभर रुंद होतं आणि ताणलेल्या दोऱ्या एका बाजूला तटातट तुटतात. याचा हिशेब कधीकधी वीस-तीस वर्षांनी, मोतीबिंदूच्या वेळी समोर येतो. अशा डोळ्यात काचबिंदूही उशिरा होऊ शकतो, म्हणून मुका मार लागलेल्याने दरवर्षी प्रेशर मोजावं.

दुसरं कारण साठीनंतरचं. बाहुलीच्या कडेवर आणि पिशवीच्या पुढच्या बाजूला कोंड्यासारखे पांढरे कण साठतात. डॉक्टर याला स्यूडोएक्सफोलिएशन म्हणतात; फिनलंडच्या लिंडबर्गने 1917 मध्ये प्रथम वर्णन केलं. हा कोंडा दोऱ्यांवरही बसतो, त्यांची मुळं कुरतडतो. अशा डोळ्यात बाहुली थेंब टाकूनही नीट मोठी होत नाही आणि काचबिंदूचा धोकाही जास्त. बाहुली लहान, पिशवी डुगडुगती आणि प्रेशर वाढलेलं, हे तिन्ही एकाच डोळ्यात.

तिसरं कारण जन्मजात, आणि इथे मुलांचा प्रश्न आहे. मार्फान सिंड्रोममध्ये फायब्रिलिन-1 चं जनुकच बिघडलेलं असतं. 1896 साली आंत्वान मार्फान यांनी लांब बोटांच्या मुलीचं वर्णन केलं आणि 1991 मध्ये दोष पंधराव्या गुणसूत्रावरच्या या जनुकात सापडला. साधारण पाच हजारांत एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांत नेत्रमणी जागचा सरकलेला असतो, बहुधा वर आणि बाहेर, कानाच्या बाजूला. दोऱ्या असतात पण ताणलेल्या, विरळ. मुलाचा चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलतो, तिरपा नंबर वाढत जातो, एका डोळ्याने बघितलं तरी दोन दिसतं. चष्म्याच्या दुकानात हे धरलं जात नाही. घरी किंवा शाळेत करता येणाऱ्या दोन खुणा आहेत. अंगठा तळहातावर आडवा ठेवून मूठ वळवा. अंगठ्याचं अख्खं नख करंगळीच्या बाजूने बाहेर डोकावलं तर खूण बसली. दुसरी, एका हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने दुसऱ्या हाताचं मनगट वेढा. दोघांची टोकं नखाइतकी एकमेकांवर चढली तर संशय घ्यावा. मूल उंच, सडपातळ, हात फार लांब असतील तर नेत्रतपासणीबरोबर छातीचा इको करून घ्यावाच. तेच फायब्रिलिन महाधमनीत आहे, आणि जिवाला धोका तिथे असतो. डोळ्याच्या डॉक्टरकडे आलेलं मूल हृदयाच्या डॉक्टरपर्यंत पोचलं नाही तर तपासणी अर्धी झाली.

उलट, नेत्रमणी खाली आणि आत, नाकाच्या बाजूला सरकलेला दिसला तर होमोसिस्टिन्युरियाची शंका घ्यायची. यात शरीराला मिथिओनिन हे अमिनो आम्ल नीट वापरता येत नाही, रक्तात होमोसिस्टीन साठतं आणि दोरीतले गंधकाचे पूल बिघडतात. दोऱ्या पिंजल्यासारख्या तुटलेल्या दिसतात. आईवडील दोघांकडून दोष आला तरच हा आजार होतो, त्यामुळे नात्यातल्या लग्नाच्या घरात विचारपूस करावी. रक्ताची तपासणी सोपी आहे आणि बऱ्याच जणांना ब-6 जीवनसत्त्वाचा उपयोग होतो. मात्र या मुलांच्या रक्तात गुठळ्या सहज होतात. भूल देणाऱ्याला आधी सांगितलं नाही आणि मुलाला रात्रभर उपाशी, बिनपाण्याचं ठेवलं तर डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये जीव जाऊ शकतो.

आणखी एक प्रकार थोडक्यात, कारण त्यात औषध उलटं लागतं. काही मुलांत नेत्रमणी लहान आणि गोटीसारखा गोल असतो, बोटं आखूड, बांधा बुटका. दोऱ्या सैल असल्याने गोटी पुढे येऊन बाहुली अडवते आणि प्रेशर चढतं. इथे सवयीने बाहुली लहान करणारे पायलोकार्पिनचे थेंब टाकले तर स्नायू आवळतो, दोऱ्या आणखी सैल होतात, गोटी आणखी पुढे. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून मुलाला उताणं निजवावं लागतं.

आता तपासणीचं. सैल दोऱ्या ओळखायची वेळ थेंब टाकण्याआधीची असते आणि शिबिरात नेमकी तीच निसटते. रांगेतल्या सगळ्यांना आधी थेंब टाकून बसवतात. बाहुली मोठी करणारे काही थेंब सिलिअरी स्नायू सैल करतात, त्याने दोऱ्या ताणल्या जातात आणि डुगडुगणारा नेत्रमणी तात्पुरता स्थिर दिसतो. म्हणून आधी, थेंबाशिवाय, स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकावर, बसवून रुग्णाला डावीकडे, उजवीकडे आणि झटकन समोर बघायला सांगावं. डोळा थांबल्यावरही बुबुळ किंवा नेत्रमणी थरथरत राहिला तर दोऱ्या कमी आहेत. बुबुळापुढची पाण्याची जागा दोन्ही डोळ्यांत सारखी खोल आहे का तेही इथेच बघायचं. मग थेंब. बाहुली मोठी झाल्यावर नेत्रमण्याची कड दिसतेय का, एखाद्या बाजूने जेली पुढे आली आहे का, कोंड्याचं वर्तुळ आहे का. सगळं मिळून दोन मिनिटं जास्त लागतात.

टेबलावर काय होतं तेही वाचकांना कळायला हरकत नाही. पिशवीचं गोल तोंड, म्हणजे रेक्सिस, साधारण पाच-साडेपाच मिलिमीटरचं ठेवतात. तरुणपणी पिशवीच्या पुढच्या बाजूला मध्यात आठ मिलिमीटरभर जागा दोऱ्यांपासून मोकळी असते. उतारवयात चिकटायच्या जागा आत सरकल्यासारख्या होऊन ती साडेसहापर्यंत येते. तोंड मोठं करण्याच्या नादात फाट या दोऱ्यांत शिरली की रेक्सिस पळते, थेट कडेपर्यंत. टाका नसलेल्या पण मोठ्या छेदाच्या पद्धतीत, जी शिबिरांत जास्त चालते, अख्खा गाभा पिशवीतून पुढे काढावा लागतो आणि त्यासाठी तोंडही मोठं लागतं. गाभा फिरवताना, उचलताना सगळा ताण दोऱ्यांवर येतो. पहिली सूचना मात्र त्याच्या कितीतरी आधी मिळते: सुईचं टोक लावताच पिशवीला भोक पडण्याऐवजी चुण्या पडतात आणि अख्खा नेत्रमणी टोकाबरोबर सरकतो. इथेच हात आखडायचा. पाण्याची बाटली खाली आणायची, गाभा सुटा करताना पाणी हळू सोडायचं, उपकरण बाहेर काढण्याआधी व्हिस्को नावाचं जेलीसारखं द्रव्य भरायचं, नाहीतर डोळा एकदम बसतो आणि नेत्रमणी पुढे झेपावून उरलेल्या दोऱ्यांना हिसका देतो. चिकटलेला मऊ थर काढताना मध्याकडे ओढला तर दोन-चार दोऱ्यांवर सगळा भार येतो. कडेने, चाकाच्या परिघाला धरून सोलला तर वाटला जातो.

दोऱ्या किती गेल्या हे घड्याळाच्या तासांत मोजतात; पिशवीचा पूर्ण घेर म्हणजे बारा तास. तीन-चार तासांएवढा भाग गेला असेल तर पिशवीच्या आत कडेला एक उघडी रिंग बसवतात. ती पीएमएमए या प्लास्टिकची असते, मोकळी असताना बारा-तेरा मिलिमीटरची, आत गेल्यावर दाबून पिशवीएवढी होते आणि कड बाहेर ताणून धरते. नवी दोरी ती तयार करत नाही, असलेल्या दोऱ्यांवर ओझं वाटते. पिशवी मागून फाटली असेल किंवा रेक्सिस पळाली असेल तर ही रिंग घालायची नसते, फाट वाढते. फार आधी घातली तर मऊ थर तिच्यामागे अडकतो. चार तासांहून जास्त गेलं की डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला शिवता येईल अशी रिंग लागते. 1998 मध्ये सिऑनी यांनी ती आणली. निम्म्याहून जास्त गेलं तर पिशवीचा मोह सोडून भिंग बुबुळाला किंवा पांढऱ्या भिंतीला बसवणं बरं. हे काम सरावलेल्या हाताचं आहे, त्यासाठी धुळे-जळगावला पाठवायला संकोच नको.

कोंड्याच्या आजारात रिंग घातली तरी दोऱ्या झिजत राहतात. सहा-आठ वर्षांनी पिशवी, रिंग, भिंग सगळं मिळून खाली घसरल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. तेव्हा 'ऑपरेशन झालंय, आता काय' म्हणून घरी बसू नये. चांगला दिसणारा डोळा अचानक पुसट झाला, किंवा दिसण्यात चकाकणारी कमान आली, तर त्याच आठवड्यात दाखवावं.

आमची मागणी छोटी आहे. शिबिराच्या नोंदणीच्या कागदावर एक रकाना वाढवा: डोळ्याला पूर्वी मार लागला होता का, कोणत्या, कधी. 'मार' म्हटलं की लोक मारामारी समजतात आणि नाही म्हणतात. 'शिंग, चेंडू, काठी, फटाका' असं विचारलं की आठवतं. अहिराणीत विचारा, 'कधी डोयाले काही लागेल शे का?', लेवा गणबोलीत विचारा, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी आणि भिलीत विचारणारा माणूस बसवा. थेंब टाकणाऱ्या टेबलाआधी एक स्लिट लॅम्प ठेवा. ऑपरेशनच्या ट्रॉलीवर दोन मापांच्या रिंगा आणि पिशवी धरायचे हूक असल्याशिवाय पहिला रुग्ण घेऊ नका. डिस्चार्ज कार्डावर 'दोऱ्या कमजोर, रिंग घातली' असं मराठीत लिहा. पुढच्या डॉक्टरला ते हवं असतं.

आणि संपादक महोदय, आपल्याकडे शिबिराची जाहिरात येते तेव्हा 'आधारकार्ड, रेशनकार्ड सोबत आणावे' याच्या खाली एवढी ओळ छापून द्या: 'डोळ्याला पूर्वी मुका मार लागला असल्यास थेंब टाकण्याआधी सांगावे.'

आपले,
डोळ्यांच्या तपासणी विभागात आणि ऑपरेशन थिएटरात काम करणारे काही जण
जळगाव, धुळे, नंदुरबार